प्राथमिक शाळेतील पालक संघाची स्थापना : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ अन्वये प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापनात पालकांना बहुमताचे स्थान मिळाले. तथापि समितीवर निवडले गेलेले मोजके पालक म्हणजे शाळेचे सर्व पालक नव्हेत. या समितीला आधार देणारा, सर्व पालकांचा मिळून बनलेला संघ शाळेत कसा उभा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. बारामती व इंदापूर या ऊसपट्ट्यातील तालुक्यांत पालकांच्या कामाच्या वेळा, वस्त्यांची विखुरलेली रचना आणि ऊसतोडीसाठी होणारे हंगामी स्थलांतर यांचा विचार केल्याशिवाय असा संघ टिकू शकत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : पालक संघ, शाळा व्यवस्थापन समिती, लोकसहभाग, हंगामी स्थलांतर, प्राथमिक शिक्षण.

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेले बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके सहकारी साखर कारखानदारीमुळे राज्यभर परिचित आहेत. सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर ही नावे शेतकऱ्यांना जशी ठाऊक आहेत तशीच बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांनाही ठाऊक आहेत. सहकाराने या भागातील सामान्य शेतकऱ्याला सभासदत्वाचा अर्थ शिकवला. वार्षिक सर्वसाधारण सभा, अहवाल वाचन, ताळेबंद, ठराव, अनुमोदन हे शब्द येथील खेडेगावात कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. दूध संस्था असो, विकास सोसायटी असो वा पाणीवापर संस्था असो, सभासद आपला हिशेब मागतो आणि तो मागणे हा आपला हक्क समजतो.

मात्र हाच सभासद गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत पालक म्हणून जातो तेव्हा बहुधा पाहुण्याच्या भूमिकेत असतो. स्वातंत्र्यदिनाचे ध्वजवंदन, वार्षिक स्नेहसंमेलन आणि निकालाचा दिवस एवढ्यापुरता त्याचा शाळेशी संबंध येतो. सहकारात मुरलेल्या समाजात शाळेच्या बाबतीत सभासदत्वाची भावना का रुजली नाही आणि ती रुजवण्यासाठी कोणती रचना करावी लागेल, हा प्रश्न शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र व लोकप्रशासन या सर्वच विषयांच्या अभ्यासकांना विचारप्रवृत्त करणारा आहे.

या प्रश्नाला तातडीची बाजूही आहे. २० पेक्षा कमी पटसंख्येच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याविषयीचे प्रस्ताव राज्य शासनाने २०२३ मध्ये मागविले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील प्रयोगांचा दाखला त्यासाठी देण्यात आला. विखुरलेल्या वस्त्यांवरील छोट्या शाळांच्या बाबतीत असा निर्णय योग्य की अयोग्य, हा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. परंतु शाळेच्या अस्तित्वाविषयीचा निर्णय होत असताना पालकांचे मत नोंदवणारी संघटित सभाच नसेल तर ते मत कागदावर येणार कसे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

१. पालकाचे बदलते स्थान

महाराष्ट्राच्या प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात पालकाकडे पाहण्याच्या तीन दृष्टी आढळतात.

पहिल्या दृष्टीत पालक हा सक्तीचा विषय होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंडाची तरतूद केली. त्या काळाच्या सामाजिक स्थितीत हे पाऊल अत्यंत पुरोगामी होते. पुढे मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम १९४७ मध्येही सक्तीचे तत्त्व कायम राहिले.

दुसऱ्या दृष्टीत पालक हा दाता होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वाढीत सामान्य रयतेने दिलेल्या धान्याचा, जागेचा व श्रमाचा वाटा मोठा आहे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर प्राथमिक शाळा त्यांच्या अखत्यारीत आल्या; तरीही खोली बांधणे, कुंपण घालणे, पंखे बसवणे यांसाठी लोकवर्गणीची परंपरा चालूच राहिली.

तिसऱ्या दृष्टीत पालक हा सदस्य आहे. ८६ व्या घटनादुरुस्तीने २००२ मध्ये ६ ते १४ वयोगटासाठी शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि त्याच दुरुस्तीने पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून संविधानात समाविष्ट झाले. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २१ ने त्यापुढचे पाऊल टाकले. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, वंचित व दुर्बल घटकांतील बालकांच्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व मिळावे आणि समितीत ५० टक्के महिला असाव्यात, असे बंधन कायद्याने घातले.

व्यवहारात मात्र या तीनही दृष्टी एकाच वेळी नांदताना दिसतात. कायद्याने सदस्य ठरलेल्या पालकाला मूल गैरहजर राहिल्यास जाब विचारला जातो आणि निधी कमी पडल्यास वर्गणी मागितली जाते. निर्णयाच्या वेळी मात्र त्याची केवळ सही घेतली जाते. पालक संघाच्या स्थापनेचा खरा हेतू या सहीला मताचे रूप देणे हा आहे.

अन्य देशांतील अनुभवही येथे उपयुक्त ठरतो. अमेरिकेत १८९७ मध्ये वॉशिंग्टन येथे मातांची राष्ट्रीय परिषद भरली व तिच्यातूनच पुढे तेथील शिक्षक-पालक संघटनेची चळवळ वाढली. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर शाळाशाळांतून असे संघ स्थापन झाले. फ्रान्समध्ये प्राथमिक शाळेच्या परिषदेवर वर्गांच्या संख्येइतके पालक प्रतिनिधी दरवर्षी निवडणुकीने येतात. वर्ग हा प्रतिनिधित्वाचा पाया मानण्याची ही पद्धत आपल्याकडील छोट्या शाळांनाही सहज लागू करता येण्यासारखी आहे.

२. समिती आणि संघ यांतील फरक

शाळा व्यवस्थापन समिती असताना वेगळा पालक संघ कशासाठी, असा प्रश्न मुख्याध्यापकांकडून स्वाभाविकपणे विचारला जातो. त्याचे उत्तर समितीच्या रचनेतच आहे.

राज्य शासनाच्या जून २०१० च्या निर्णयानुसार समितीत सदस्य सचिव वगळून १२ ते १६ सदस्य असतात. १२ सदस्यांच्या समितीत किमान ९ पालक व किमान ६ महिला असणे आवश्यक ठरते. मुख्याध्यापक हे सदस्य सचिव असतात व अध्यक्षाची निवड पालक सदस्यांतून होते. उर्वरित जागांवर स्थानिक प्राधिकरणाचा प्रतिनिधी, शिक्षक प्रतिनिधी व स्थानिक शिक्षणतज्ज्ञ येतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही समितीची प्रमुख कार्ये होत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित व अल्पसंख्याक शाळांत या समितीची भूमिका सल्लागाराची राहिली. जिल्हा परिषद व नगर परिषद शाळांत मात्र तिचे अधिकार पूर्ण आहेत.

हे पालक सदस्य पालकसभेने निवडावयाचे असतात. म्हणजेच पालकसभा ही समितीची जननी आहे. परंतु निवड झाल्यावर ही सभा विसर्जित झाल्यासारखी होते आणि पुढील निवडीपर्यंत तिची आठवण कोणाला होत नाही. सभासदांची सर्वसाधारण सभाच न घेणाऱ्या सहकारी संस्थेच्या संचालक मंडळाची जी अवस्था होईल, तीच अशा समितीची होते. तिला कोणी प्रश्न विचारत नाही, त्यामुळे तिच्या पाठीशीही कोणी उभे राहत नाही. पालक संघ म्हणजे या पालकसभेला मिळालेले नियमित व कायमस्वरूपी रूप होय.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शाळांमध्ये शिक्षक-पालक संघ, माता-पालक संघ, २०२२ च्या निर्णयानुसार सखी सावित्री समिती अशा अनेक समित्या कालपरत्वे स्थापन झाल्या. दोनशिक्षकी शाळेत या सर्वांची इतिवृत्ते लिहिण्यातच शिक्षकांचा वेळ जातो, अशी तक्रार सातत्याने होत होती. शाळास्तरावरील अनेक समित्यांचे एकत्रीकरण करण्याचा निर्णय शासनाने २०२५ मध्ये घेतला तो याच पार्श्वभूमीवर. म्हणून पालक संघ ही आणखी एक समिती ठरू नये. त्याचे स्वतंत्र दप्तर शक्य तितके कमी असावे आणि त्याचे ठराव शाळा व्यवस्थापन समितीच्या विषयपत्रिकेवर यावेत, एवढी सांगड पुरेशी आहे.

खाजगी विनाअनुदानित शाळांची स्थिती वेगळी आहे. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम २०११ नुसार तेथे शिक्षक-पालक संघ स्थापन करणे बंधनकारक असून प्रत्येक पालक त्याचा सदस्य असतो, तर कार्यकारी समितीवरील पालकांची निवड सोडत पद्धतीने होते. चिठ्ठी टाकून निवड करण्याची ही पद्धत वरवर पाहता अजब वाटते. पण संस्थाचालकांच्या मर्जीतील पालकांचीच वर्णी लागू नये, हा तिचा हेतू आहे. गटातटांनी विभागलेल्या गावातही हा मार्ग उपयोगी पडू शकतो.

३. या दोन तालुक्यांतील पालक

पालक संघाचा विचार करताना पालक कोण आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. नीरा डाव्या कालव्याखालील बागायती गावांत ऊस उत्पादक शेतकरी, शेतमजूर, दूध व्यवसाय करणारी कुटुंबे आणि कारखान्यांचे कामगार आढळतात. सुपे, मोरगाव या बाजूच्या जिरायती पट्ट्यात पाण्याची टंचाई व रोजगारासाठी बाहेर जाणे हे नित्याचे आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करणारा तरुण पालकवर्ग आहे. इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी पुनर्वसित गावे व मासेमारी करणारी कुटुंबे आहेत, तर माळरानावर मेंढपाळ कुटुंबे आहेत. बागायती भागात शेतातच घर बांधून राहण्याची रीत असल्याने गावठाणापासून दूर वस्त्या पसरलेल्या आहेत. अशा वस्त्यांसाठी २००० नंतरच्या दशकात राज्यात वस्तीशाळांची योजना राबवली गेली व पुढे त्या शाळांचे नियमित प्राथमिक शाळांत रूपांतर झाले.

या वर्णनाचा पालक संघाशी थेट संबंध आहे. शाळेची बैठक साधारणतः सकाळी अकरा वा दुपारी तीन वाजता, शाळेच्या सोयीने होते. त्या वेळी शेतमजूर स्त्री खुरपणीला गेलेली असते, पहिल्या पाळीचा कामगार कारखान्यात असतो आणि कालव्याचे आवर्तन चालू असेल तर रात्रभर दारे धरून आलेला शेतकरी झोपलेला असतो. सायंकाळी दूध घालण्याची वेळ आड येते. परिणामी बैठकीला तेच पालक येतात ज्यांना दिवसा सवड असते. आणि दिवसा सवड असणारे पालक हे बहुधा गावातील सुस्थित घरांतील पुरुष असतात. यातून पालक उदासीन असल्याचा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः येथे दोष उदासीनतेचा नसून वेळापत्रकाचा आहे.

४. स्थापनेचे टप्पे

(अ) पालकांची यादी : शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीतून प्रत्येक विद्यार्थ्याच्या पालकांची यादी करावी व ती वस्तीनिहाय मांडावी. प्रत्येक नावापुढे कामाचे स्वरूप, सवडीची वेळ व संपर्काचे साधन नोंदवावे. आई-वडील बाहेरगावी असल्यास मूल प्रत्यक्षात ज्या आजी, मामा वा चुलत्याकडे राहते त्या व्यक्तीचे नाव पालक म्हणून यावे. दीडशे पटाच्या शाळेत हे काम दोन शिक्षकांना आठवडाभरात करता येते. ही यादी हाच संघाचा खरा पाया आहे.

(आ) वस्तीवरील बैठका : सर्वसाधारण सभेपूर्वी प्रत्येक मोठ्या वस्तीवर एक छोटी बैठक व्हावी. मंदिराचा ओटा, दूध संकलन केंद्र वा समाजमंदिर यांपैकी जेथे लोक एरवी जमतात ती जागा निवडावी. मागासवर्गीय वस्तीतील बैठक त्याच वस्तीत घ्यावी. माईकवरून न बोलणाऱ्या स्त्रिया अशा बैठकीत मोकळेपणाने बोलतात.

(इ) स्थापना सभा : शैक्षणिक वर्ष जूनच्या मध्यास सुरू होते. पटनोंदणी स्थिरावल्यावर जुलैमध्ये, बहुसंख्य पालकांना सोयीच्या वेळी ही सभा घ्यावी. लेखी सूचना किमान सात दिवस आधी मुलांच्या हाती द्यावी आणि वाचता न येणाऱ्या पालकांपर्यंत ती तोंडी पोहोचल्याची खात्री करावी. गणसंख्येचा नियम करताना घर हे एकक धरावे. निम्म्या घरांतून एक तरी व्यक्ती आल्याशिवाय सभा ग्राह्य धरू नये. सभा तहकूब करावी लागली तरी चालेल. तहकूब सभेमुळे वेळ चुकल्याचे कळते, एवढा तिचा उपयोग आहेच.

(ई) नियमावली : एका पानाची नियमावली पुरते. प्रत्येक पालक हा आपोआप सदस्य असेल. प्रत्येक इयत्तेतून दोन प्रतिनिधी निवडले जातील व त्यांपैकी एक माता असेल. मुदत दोन वर्षांची असेल. सर्वसाधारण सभा वर्षातून तीन वेळा होईल. राजकीय पक्षाच्या वा स्थानिक संस्थेच्या पदाधिकाऱ्यास संघाचे पद घेता येणार नाही. आईच्या जागी तिच्या पतीची उपस्थिती गृहीत धरली जाणार नाही. शेवटची दोन कलमे अप्रिय वाटली तरी तीच संघाला वाचवतात. कारखाना वा ग्रामपंचायत निवडणुकीतील पॅनेलची फूट शाळेच्या आवारात आली की पालक संघ संपतो, आणि मातांच्या जागा पतिराजांनी भरल्या की पन्नास टक्क्यांची तरतूद नावापुरती उरते.

प्रतिनिधी निवडताना आणखी एक व्यावहारिक बाब ध्यानात घ्यावी. पहिली ते चौथीच्या शाळेत पालकाचे आयुष्य चार वर्षांचे असते. उत्साही म्हणून चौथीचेच पालक निवडले तर पुढील एप्रिलमध्ये त्यांची मुले शाळा सोडतात व संघ रिकामा होतो. म्हणून पहिली-दुसरीच्या पालकांकडे पदे द्यावीत आणि मावळत्या प्रतिनिधींना मार्गदर्शक म्हणून ठेवावे. राज्यात २०२२ पासून राबविल्या गेलेल्या 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानात मातांचे गट तयार झाले आहेत. शाळेत नव्याने येणाऱ्या मुलांच्या या माता संघाच्या पुढच्या फळीसाठी तयार असलेला आधार आहे.

(उ) पहिले कार्य : पहिले काम लहान, सर्वांना दिसणारे आणि मुलांशी थेट संबंधित असावे. ऊसपट्ट्यातील शाळांसाठी रस्ता सुरक्षा हे असे एक काम आहे. गळीत हंगामात दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर व बैलगाड्या शाळेसमोरच्या रस्त्यावरून जातात. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी पालकांनी आळीपाळीने रस्त्यावर उभे राहणे, वाहनांना परावर्तक लावण्याविषयी कारखान्यास पत्र देणे, गतिरोधकाची मागणी ग्रामसभेत ठरावाद्वारे करणे ही कामे महिन्याभरात उभी राहतात. यात पैसा लागत नाही, पण संघटन लागते. दुसरे असे काम म्हणजे पोषण आहाराची पाहणी व पिण्याच्या पाण्याच्या टाकीची नियमित स्वच्छता.

त्यानंतरच अध्ययनाचा विषय घ्यावा. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थासह वाचता यावे व मूलभूत गणिती क्रिया करता याव्यात, असे उद्दिष्ट ठेवले. सर्वसाधारण सभेत वर्गवार सांगितले जावे की किती मुले परिच्छेद वाचतात, किती वाक्यापाशी अडतात. मुलांची नावे जाहीर घेऊ नयेत. स्वतः निरक्षर असलेल्या आईलाही मूल रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचते की नाही हे कळते; तेवढे ऐकून घेण्याचे काम तिच्याकडे द्यावे.

५. निधी, हिशेब आणि नोंदणी

पालक संघ म्हणजे वर्गणी गोळा करण्याचे साधन, असा समज पालकांत व शिक्षकांतही आढळतो. हा समज संघाला घातक आहे. प्राथमिक शिक्षण मोफत असणे हा मुलाचा हक्क आहे. म्हणून देणगी ऐच्छिकच असली पाहिजे आणि तिचा मुलाच्या वागणुकीशी वा प्रवेशाशी काडीचाही संबंध येता कामा नये.

प्रथम शासनाकडून येणाऱ्या पैशाची माहिती पालकांना हवी. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटानुसार ठरते. २०२१ च्या सुधारित निकषांप्रमाणे ३० पर्यंत पट असल्यास १० हजार, ३१ ते १०० पटास २५ हजार, १०१ ते २५० पटास ५० हजार आणि २५१ ते १००० पटास ७५ हजार रुपये अशी कमाल वार्षिक मर्यादा आहे. त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावयाची असते. आलेली रक्कम, झालेला खर्च व शिल्लक हे तीन आकडे शाळेच्या दर्शनी फलकावर लिहिले तरी अर्धा संशय मिटतो. सोसायटीचा ताळेबंद वाचू शकणाऱ्या पालकाला हा हिशेब समजणे मुळीच कठीण नाही.

लोकसहभागातून शाळा कशी उभी राहते याची उदाहरणे पुणे जिल्ह्यातच आहेत. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा ग्रामस्थांच्या सहभागामुळे राज्यभर परिचित झाली. खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जागतिक सर्वोत्कृष्ट शाळा पुरस्कारांतर्गत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. अशा शाळांकडे पाहताना इमारतीपेक्षा तिच्या मागची सभा पाहावी. मोठा निधी येतो तेथे पावती, ठराव व लेखापरीक्षण या तिन्ही गोष्टी निधीच्या आधी तयार असाव्या लागतात.

देणगीदारांच्या फलकाचाही विचार व्हावा. अमुक हजार देणाऱ्यांची नावे भिंतीवर कोरली जातात तेव्हा मजुराच्या मुलाला आपल्या वडिलांचे नाव तेथे कधीच दिसत नाही. मैदान सपाट करणे, भिंत रंगवणे, झाडांना पाणी घालणे या श्रमांची नोंदही त्याच फलकावर व्हावी.

नोंदणीविषयी अनेक ठिकाणी संभ्रम आढळतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या माध्यमातून काम करणाऱ्या पालक संघास स्वतंत्र नोंदणीची गरज नाही. मात्र संघ स्वतःच्या नावे बँक खाते उघडून बाहेरून देणग्या घेणार असेल तर संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सदस्यांसह नोंदणी करावी लागते व महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात हिशेब सादर करण्याचे दायित्व येते. छोट्या शाळेने हा व्याप शक्यतो टाळावा.

६. हंगामी पालकांचा प्रश्न

या दोन तालुक्यांतील पालक संघाची खरी कसोटी ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर लागते. गळीत हंगाम सुरू होतो, टोळ्या येतात, कारखान्यांच्या तळावर व शेतांच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. पती-पत्नी मिळून एक कोयता धरला जातो; दोघेही पहाटे फडावर जातात. मागे राहिलेली मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळते. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की कुटुंब परतते. म्हणजे मूल आपल्या गावी वर्षाच्या सुरुवातीला असते, शेवटाला नसते. आणि येथे मधल्या काळात असते, सुरुवातीला नसते. दोन शाळांच्या हजेरीपटांच्या मध्ये त्याचे वर्ष हरवते.

या मुलांसाठी राज्यात साखरशाळांचा प्रयोग झाला. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथील 'जनार्थ' या संस्थेचे या क्षेत्रातील काम प्रसिद्ध आहे. बारामती तालुक्यात सोमेश्वर कारखान्याच्या परिसरात 'कोपीवरची शाळा' या नावाने या मुलांसाठी उपक्रम चालविण्यात आला. शिक्षण हक्क अधिनियमानंतर अशा मुलांना नजीकच्या नियमित शाळेत सामावून घेण्यावर भर आला. अधिनियमाच्या कलम ९ नुसार स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश सुनिश्चित करणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे, आणि कलम ५ नुसार दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची व्यवस्थाही राज्यात करण्यात आली.

मूल शाळेत दाखल झाले तरी त्याचे आई-वडील पालक संघात कोठेच नसतात. जुलैमध्ये स्थापना सभा होते तेव्हा ते येथे नसतात. डिसेंबरच्या सभेला ते फडात असतात. येथील मुलांचे पालक या मुलांकडे काही काळाचे पाहुणे म्हणून पाहतात, क्वचित वर्गात त्यांच्या शेजारी बसण्यावरून कुरबूरही होते. ज्यांच्या ऊसतोडीवर गावाचे हंगामाचे गणित उभे असते त्यांचेच मूल वर्गात परके ठरते, ही विसंगती पालक संघानेच दूर करावयाची आहे.

त्यासाठी तीन उपाय शक्य आहेत. पहिला, नियमावलीतच नोव्हेंबर ते मार्च या काळासाठी हंगामी पालक प्रतिनिधींच्या दोन जागा ठेवाव्यात व त्यांतील एक स्त्री असावी. मुकादमाला प्रतिनिधी करू नये. उचल देणाऱ्याच्या हाती मजुराचे मत सोपवणे इष्ट नव्हे. दुसरा, हंगामातील एक सभा रात्री तळावरच घ्यावी. स्थानिक पालक कोप्यांपर्यंत चालत गेले तर मुलांमधील अंतर कमी होण्यास मदत होते. तिसरा, मूल परत जाताना त्याच्या अध्ययनाची एका पानाची नोंद, त्याला काय वाचता येते व कोणते गणित जमते एवढीच, संघाच्या प्रतिनिधीने पालकाच्या हाती द्यावी व मूळ शाळेला दूरध्वनीवरून कळवावी. हेच येथून चराईसाठी बाहेर पडणाऱ्या मेंढपाळांच्या मुलांनाही लागू पडते. त्यांच्या बाबतीत भूमिका फक्त उलट होते.

७. शिक्षकांच्या शंका

पालक संघ सक्षम झाला तर शिक्षकांवर दडपण येईल, गावातील कोणीही वर्गात येऊन जाब विचारेल, अशी भीती शिक्षकांकडून व्यक्त होते. ती निराधार नाही. बदली, गैरहजेरी, वैयक्तिक हेवेदावे यांसाठी अशा व्यासपीठाचा दुरुपयोग होऊ शकतो. म्हणून संघाची मर्यादा स्पष्ट असावी. अध्यापन पद्धती हा शिक्षकाचा अधिकार आहे. संघाने परिणामांविषयी विचारावे, पद्धतीविषयी आदेश देऊ नयेत. शिक्षकाविरुद्धची तक्रार लेखी असावी व ती प्रथम समितीत, नंतर केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे जावी. मुलाच्या सुरक्षिततेचा वा शारीरिक शिक्षेचा प्रश्न असेल तर मात्र ही पायरी-पायरीची वाट लागू होत नाही. तेथे तातडीने सक्षम यंत्रणेकडे जाणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

दुसऱ्या बाजूने पाहता संघ हा शिक्षकाचा आधारही ठरतो. रिक्त पद, गळके छत, अशैक्षणिक कामांचा बोजा याविषयी एकट्या शिक्षकाने लिहिलेले पत्र आणि साठ पालकांनी ठरावासह पाठवलेले पत्र यांत मोठा फरक असतो. जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास कलम २७ ने मनाई केली आहे. हे कलम पालकांना माहीत असणे शिक्षकांच्याच हिताचे आहे.

समारोप

प्राथमिक शाळेत पालक संघ स्थापन करण्यासाठी नव्या कायद्याची वा मोठ्या निधीची आवश्यकता नाही. कायद्याने पालकाला जागा दिली आहे. आवश्यकता आहे ती पालकांची खरी यादी, सोयीची वेळ, वस्तीवरची बैठक, एका पानाची नियमावली आणि फलकावरील हिशेब यांची. संघ यशस्वी झाला की नाही हे मोजण्यासाठी सभेला किती पालक आले, याबरोबरच कोण आले नाही व का आले नाही, याची नोंद पाहावी. ज्या शाळेच्या इतिवृत्तात डिसेंबर महिन्यात एखाद्या ऊसतोड करणाऱ्या आईचे म्हणणे तिच्या नावासह नोंदलेले आढळेल, त्या शाळेत पालक संघ स्थापन झाला असे म्हणता येईल.

या कामी परिसरातील महाविद्यालयांना मोलाचे साहाय्य करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात स्वयंसेवक वस्तीनिहाय पालक यादी तयार करू शकतात. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी शाळेचा जमाखर्च सोप्या भाषेत मांडून देऊ शकतात. समाजशास्त्र व शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पालकसभेच्या उपस्थितीचा अभ्यास लघुप्रकल्प म्हणून घेता येईल. महाविद्यालयात येणारा विद्यार्थी याच प्राथमिक शाळांतून आलेला असतो. त्यामुळे तेथील पालकसभेशी संबंध ठेवणे हा महाविद्यालयाच्याही कामाचा भाग ठरतो.